६१७४ला मंजुरी मिळेना

देवळाली म्हटलं की लोकांना तोफखाना आठवतो, मला ६१७४ आठवतो. द. रा. कापरेकर तिथे शाळामास्तर होते. १९४९ साली त्यांना एक गंमत सापडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. चौथीच्या पोरालाही जमेल.

म्हणून एका मुक्तस्रोत गणित-लायब्ररीत (म्हणजे कुणीही वापरावा, सुधारावा अशा तयार कोडच्या संग्रहात) या गमतीचं फंक्शन घालायला गेलो. कोड जेमतेम चार ओळींचा. पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा कोड आत घ्या' असा अर्ज, टाकली आणि तपासणाऱ्यांचे शेरे सुरू झाले. कोड बरोबर चालतो हे दाखवणाऱ्या टेस्ट कुठे आहेत? डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या टिपणात, उदाहरण का नाही? एका ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिली म्हणून लाल फुली! आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा इतक्या खोलात शिरत नाहीत, आणि ते जिन्यातल्या चपला मोजतात.

मग रिव्ह्यूअरने अत्यंत नम्रपणे विचारलं, "चारच अंक का?" तीन अंकांना ४९५ मिळतो, असं सांगून सुटायला बघितलं. पण दोन अंकी संख्या थांबतच नाहीत: ६३, २७, ४५, ०९, ८१, पुन्हा ६३. पाच अंकीही अशाच चकरा मारतात. मग फंक्शनने परत काय द्यायचं? आणि ऋण संख्या दिली तर? (मास्तरांना हे कुणी विचारलं असतं, तर बाकावर उभं केलं असतं.)

"याचे पैसे किती मिळतात रे?" आईने विचारलं.

"काही नाही."

"मग रात्री दोनपर्यंत कुणासाठी जागतोस?"

या शेऱ्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

टेस्टसाठी आकडे मी नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला गोळा करतो. एमएच १५च्या पाट्यांवर चार अंक आयतेच असतात. २१११ दिसला की आनंद: वजाबाकी ०९९९, आणि पुढचं शून्य गाळलं तर ९९९ वजा ९९९, खेळ खलास. ११११साठी लोक जादा पैसे मोजतात, तो तर पहिल्याच फटक्यात शून्य!

पुल रिक्वेस्ट अजून उघडीच आहे. आता वाद नावावर आलाय. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशांना आधीच कापरेकर संख्या म्हणतात, म्हणून फंक्शनला कापरेकरांचं नाव दिलं तर गोंधळ होईल म्हणे. मास्तरांनी जरा कमी शोध लावायला हवे होते.