हेझलनट किती टक्के, ते आधी विचारा

दिवाळी जवळ आली की पाम तेलाचा तो फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागतो. सोनेरी कागदातल्या गोल चॉकलेटचा फोटो, त्यावर लाल फुली, आणि खाली "मुलांना विष देऊ नका". मी घरून चॉकलेटच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे हा मेसेज मला चारी बाजूंनी येतो आणि त्यापाठोपाठ ग्राहकांचे प्रश्नही. "ताई, तुमच्यात पाम तेल नाही ना?" हा प्रश्न दर वर्षी येतो. "ताई, यात हेझलनट किती?" असं मात्र कुणीच विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न हाच असायला हवा. हेझलनट म्हणजे त्या चॉकलेटच्या पोटातला कडक कवचाचा, बदामासारखा दाणा. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ते सोनेरी कागदातलं चॉकलेट म्हणजे फेरेरो रोशे. त्याच्या वेष्टनामागचे घटक एकदा नीट वाचा. दुधाचं चॉकलेट 30 टक्के, हेझलनट 28.5 टक्के, मग साखर, मग पाम तेल, मग गव्हाचं पीठ. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, म्हणजे पाम तेल इथे चौथ्या जागी आहे. आता त्याच कंपनीच्या, पावाला लावायच्या न्यूटेलाची बाटली घ्या. आधी साखर, मग पाम तेल, आणि तिसऱ्या जागी हेझलनट, 13 टक्के. कोको 7.4 टक्के. कंपनी एक, चवीचं घराणं एक, पण दोन्ही पदार्थांत केवढा फरक! व्हिएन्नाच्या मानर कंपनीची गुलाबी पुडीतली वेफर 1898 पासून बनते. वेफरचे पाच थर, मध्ये हेझलनट-कोको क्रीमचे चार. तिच्यात हेझलनट 12 टक्के आणि स्निग्धांश खोबरेल तेलाचा. मला ती वेफर आवडते, पण ती रोशेच्या पंक्तीत बसत नाही, आणि किंमत मोजताना हे माहीत असलेलं बरं.

हेझलनटवर माझा एवढा जीव का, तर या सगळ्या प्रकारांत चव त्याचीच असते. कच्चा हेझलनट खाऊन बघा, फिका लागतो. ओव्हनमध्ये भाजायला ठेवला की दहा-बारा मिनिटांत घरभर जो वास सुटतो, तो फिलबर्टोन नावाच्या द्रव्याचा. भाजल्यावर ते कितीतरी वाढतं. गरम असतानाच दाणे सुती कापडात गुंडाळून चोळायचे, तपकिरी साल बरीचशी निघून येते. नाही काढली तर पेस्ट कडवट होते. मग साखरेबरोबर दळत राहायचं. आधी कोरडा भुगा होतो, मग गोळा, आणि शेवटी दाण्याचं स्वतःचं तेल सुटून चकचकीत पातळ पेस्ट. हेझलनटमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हणून वरून थेंबभर तेल न घालताही हे जमतं.

अडचण इथूनच सुरू होते. हे तेल साध्या तापमानाला पातळच राहतं आणि हळूहळू बाहेरच्या चॉकलेटमध्ये झिरपतं. मग चॉकलेट मऊ पडतं, वर पांढुरकी छटा येते. वेफरचं तंत्र तर आणखी नाजूक. सरसरीत पीठ दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबून भाजतात, पिठातल्या पाण्याची वाफ होऊन निसटते आणि मागे उरते ती जाळीदार, ठणठणीत कोरडी चकती. ओलावा लागला की संपलं. म्हणून तिच्याशी लागून असणाऱ्या क्रीममध्ये पाणी जवळजवळ नसावं लागतं, आणि ते क्रीम आकार धरून राहील असा, साध्या तापमानाला घट्टसर राहणारा स्निग्ध पदार्थही लागतो. पाम तेल हे काम हायड्रोजनेशन (तेल रासायनिक प्रक्रियेने घट्ट करणं) न करता करतं. खोबरेल तेलही करतं, पण त्याचा तोंडातला अनुभव वेगळा, आणि आपल्या मे महिन्यात ते पार पाणी होतं.

म्हणून सरसकट "पाम तेल म्हणजे विष" हे मला पटत नाही. 2015 मध्ये फ्रान्सच्या पर्यावरणमंत्री सेगोलेन रॉयाल यांनी लोकांना न्यूटेला खाणं थांबवा असं सांगितलं होतं, आणि थोड्याच दिवसांत माफीही मागितली. सुमात्रा आणि बोर्निओमधली जंगलं पाम लागवडीसाठी तोडली गेली हे खरं आहे, त्याचा राग यायलाच हवा. पण एका हेक्टरमध्ये पामइतकं तेल देणारं दुसरं पीक नाही. त्याच्या जागी दुसरं तेल आणायचं तर आणखी जमीन लागेल. ते कुठल्या जमिनीतून आलं, प्रमाणित आहे का, हे विचारावं. आणि आपला देश जगातला सगळ्यात मोठा पाम तेल आयात करणारा देश आहे. दिवाळीच्या विकतच्या फराळात, फरसाणात, बिस्किटात ते असतंच. तिथे कुणी लाल फुली मारत नाही.

आता हेझलनट चॉकलेटचं मूळ. इटलीतला पिएमोन्ते प्रांत, त्यातली लांघेची टेकाडं. नेपोलियनने ब्रिटनशी व्यापार बंद केल्यावर कोको महाग झाला आणि तुरिनच्या चॉकलेटवाल्यांनी तो पुरवण्यासाठी त्यात जवळपास पिकणारा हेझलनट दळून घातला, अशी कथा तिथे सांगतात. 1865 मध्ये काफारेल कंपनीने तुरिनच्या कार्निव्हलमध्ये जांदुयोत्तो, म्हणजे हेझलनट घातलेल्या चॉकलेटच्या छोट्या वड्या वाटल्या, हा या प्रवासातला मोठा टप्पा. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा कोकोची टंचाई, आणि 1946 मध्ये आल्बा गावात पिएत्रो फेरेरो यांनी हेझलनटची घट्ट वडी विकायला सुरुवात केली. ती कापून पावाबरोबर खायची. 1951 मध्ये तिचं मऊ रूप आलं, 1964 मध्ये न्यूटेला, 1982 मध्ये रोशे. थोडक्यात, कोको परवडेना म्हणून हेझलनट आत आला. आज बाजारात बरोबर उलटं दिसतं. हेझलनट परवडत नाही म्हणून तो कमी करून साखर आणि तेल वाढवलं जातं, आणि पुडीवर मात्र फोटो हेझलनटचाच. याचा मला खरोखर संताप येतो.

आणि हा हेझलनट येतो कुठून? जगातला निम्म्याहून खूप जास्त हेझलनट तुर्कीमध्ये, काळ्या समुद्राच्या काठावर पिकतो. ओर्डू, गिरेसुन, त्राब्झोन, साम्सुन. या झुडपाला ऐन थंडीत फुलोरा येतो, परागीभवन वाऱ्यावर होतं, आणि वसंतात कोवळी पालवी असताना दहिवर गोठलं की वर्षभराचं पीक जातं. 2014 च्या मार्चअखेरीस तसं झालं होतं, 2025 च्या एप्रिलमध्ये पुन्हा झालं. भाव उसळले, आणि इथल्या ठोक बाजारात मला त्याच किलोसाठी बरेच जास्त पैसे मोजावे लागले.

पिएमोन्तेमध्ये बागा बऱ्यापैकी सपाट किंवा मंद उतारावर असतात, पिकून खाली पडलेला दाणा यंत्राने गोळा करतात. काळ्या समुद्राच्या काठावर उतार इतके तीव्र, की बहुतेक काम हातानेच. ऑगस्टमध्ये फांद्या वाकवून घोस तोडायचे, पाठीवरच्या पोत्यात भरायचे, उतारावरून खाली आणायचे, मग अंगणात वाळवायचे. हे काम करायला देशाच्या आग्नेयेकडून, शानलीउर्फा, दियारबाकिर, मार्दिन या भागांतून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. बरेचसे कुर्द, अलीकडच्या वर्षांत सीरियातले निर्वासितही. त्यांना आणणारा मध्यस्थ मजुरीतून आपला हिस्सा कापतो. बीडहून कोयता घेऊन निघणारी टोळी, तिची उचल आणि तिचा मुकादम ज्याने पाहिला आहे, त्याला मी वेगळं काही सांगायला नको. पाल तेच, पोराला शाळेतून काढून बरोबर नेणंही तेच. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या बालमजुरीच्या यादीत तुर्कीच्या हेझलनटचं नाव आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना 2013 पासून ओर्डूमध्ये यावर काम करते आहे. 2014 मध्ये फेरेरोने तुर्कीतली ओल्तान ही मोठी हेझलनट कंपनीच विकत घेतली. इतक्या मोठ्या खरेदीदाराच्या शब्दाला तिथे वजन आहे, आणि म्हणून जबाबदारीही त्याच्यावर सगळ्यात जास्त आहे.

कोकोबद्दल बरंच लिहिलं जातं, मी थोडक्यात सांगते. आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. 2024 च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात टनाचा भाव 12,000 डॉलरच्या वर गेला. त्या दोन देशांत शेतकऱ्याला मिळणारा दर सरकार हंगामाआधी ठरवतं, त्यामुळे तेजीचा मोठा वाटा त्याच्या अंगणात पोचलाच नाही. इथे कंपन्यांनी पुड्या मात्र लहान केल्या.

आता आपल्या हातात काय आहे ते. फेरेरोचा कारखाना आपल्या बारामतीत आहे, किंडर जॉय आणि टिक टॅक तिथे बनतात, म्हणजे हा धंदा आपल्याला परका राहिलेला नाही. एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा संस्थेच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार पुडीवर ज्या घटकाचं नाव किंवा चित्र ठळक दाखवलं असेल, त्याची टक्केवारी छापावी लागते. दिवाळीच्या दिवसांत सोनेरी कागदातले जे स्वस्त डबे दुकानात रचलेले असतात, ते उलटून हा आकडा शोधा. अनेकदा सापडतं ते साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, कोको पावडर, आणि हेझलनटच्या जागी "नेचर आयडेंटिकल फ्लेवर", म्हणजे कारखान्यात बनवलेला स्वाद. वर "चोको" लिहिलेलं असतं, चॉकलेट नाही. तो कंपाउंड असतो, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेलं. कंपाउंड वापरणं गुन्हा नाही, टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक तापमानांना वितळवून थंड करणं) लागत नाही म्हणून घरगुती धंद्यात अनेक जणी तोच वापरतात. पण मग तसं सांगून विकावं आणि कंपाउंडच्याच भावात विकावं.

कंपन्यांकडून मला आणखी एक गोष्ट हवी आहे. पिएमोन्तेच्या हेझलनटला 1993 पासून भौगोलिक मानांकन आहे, तो वापरणारे पुडीवर अभिमानाने तसं छापतात. तुर्कीचा माल वापरणाऱ्यांनीही जिल्हा छापावा. ओर्डूचा असेल तर ओर्डू लिहा. जागा कळली की तिथे तोडणीला कोण होतं हे विचारता येतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर यंदा माझ्या हेझलनट वेफरच्या डब्यावर टक्केवारी छापलेली असेल. हेझलनट 30 टक्के. क्रीममध्ये कोको बटर आहे, पाम नाही, पण ते माझ्या चवीच्या हट्टापायी, फॉरवर्डच्या भीतीने नाही. भाव गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे. तेवढे पैसे द्यायचे नसतील तर लहान डबा घ्या, दाणा कमी करून मोठा डबा मी देणार नाही. ऑर्डरी धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी बंद करते, कारण सोललेला, भाजलेला हेझलनट फार दिवस ठेवला तर खवट होतो.