टाउन हॉल ‘ग्रीक देवळाची नक्कल’ आहे का?

नमस्कार,

मुंबईच्या टाउन हॉलवरच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीवरच्या, माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एक, ही ग्रीक देवळाची नक्कल आहे आणि तिच्यात मुंबईच्या हवेचा विचारच नाही. दोन, तिला जॉर्जियन (इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातली) म्हणणं चूक, व्हिक्टोरियन (व्हिक्टोरिया राणीच्या काळातली) म्हणायला हवं. तीन, ती ग्रंथालयासाठी बांधली हे मी बिनदिक्कत ठोकून दिलं. प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा निम्मी पटली.

तिसऱ्या आक्षेपापुढे मी सपशेल शरण. १८११ साली मुंबईचे न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या लिटररी सोसायटीने (आजच्या एशियाटिकच्या पूर्वावताराने) पुस्तकांना जागा हवी म्हणून ही कल्पना मांडली, हे खरं. पण लॉटरी काढूनही पैसा पुरेना. शेवटी सरकारने उरलेला भार उचलला तो स्वतःच्या कचेऱ्यांना जागा मिळणार म्हणून. म्हणजे नाव टाउन हॉल, दरबार आणि सभाही तिथेच, आणि पुस्तकं त्यात बिऱ्हाडकरू. पुढे बिऱ्हाडकरूच घरमालक झाला, ही गंमत वेगळी. आज वर एशियाटिक सोसायटी आणि त्याच वास्तूत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. लेखातलं ते वाक्य बदललं आहे.

‘व्हिक्टोरियन’ मात्र मान्य नाही. काम १८२१ मध्ये सुरू झालं तेव्हा इंग्लंडच्या गादीवर चौथा जॉर्ज होता. १८३३ मध्ये ते पुरं झालं तेव्हा चौथा विल्यम, आणि त्याची कारकीर्दही जॉर्जियन काळातच धरण्याचा प्रघात आहे. व्हिक्टोरिया राणी झाली १८३७ साली. व्हीटी स्टेशनचं (आजचं सीएसएमटी) टोकदार कमानींचं गॉथिक वैभव त्यानंतर पन्नासेक वर्षांनी उभं राहिलं.

आता नकलेचं. आराखडा कर्नल थॉमस कूपर या लष्करी इंजिनियरचा. समोरचे डोरिक, म्हणजे साध्या घाटाचे जाडजूड खांब आणि वरचं त्रिकोणी शिखर ग्रीक धर्तीचं आहे, यात वादच नाही. पण ग्रीक देऊळ ठेंगण्या पायऱ्यांवर बसतं. इथे तीस पायऱ्या चढाव्या लागतात, कारण मुख्य दरबार हॉल एका अख्ख्या मजल्याच्या डोक्यावर आहे. खाली कचेऱ्यांना जागा आणि वर समुद्राचा वारा. शिवाय ग्रीक देवळाला खिडक्यांच्या अशा रांगा नसतात. इथे बाजूंच्या भिंती बघा: खिडकीमागून खिडकी, लाकडी झिलमिल (तिरप्या पट्ट्यांची झडपं), वर ऊन-पाऊस अडवणारे छज्जे. जुलैत एकदा भर दुपारी आत बसलो होतो. बाहेर धो धो पाऊस, आत मंद उजेड आणि हवा खेळती. हवेचा विचार नसता तर हे जमलं नसतं. आत गेल्यावर खांबही बदलतात, बाहेर राकट डोरिक तर दरबार हॉलमध्ये पानाफुलांचे कोरिंथियन. आतल्यासाठी मागवलेले काही खांब फारच मोठे निघाले म्हणून भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला दिले, असंही सांगतात. नक्कल करणाऱ्याने मापं तरी नीट घेतली असती, नाही का?

मात्र हवा खेळती राहते ती माणसासाठी. मुंबईची दमट हवा जुन्या कागदाची वैरीणच, आणि इमारत मुळात सभेसाठी असल्यामुळे ती थोपवायची सोय भिंतींत नाही. तुम्ही हे म्हटलं असतंत तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि त्या पायऱ्या! फोटोत देखण्या दिसतात. पण मागच्या खेपेला एक आजोबा पिशवीत पुस्तकं घेऊन दर पाच-सहा पायऱ्यांवर थांबत होते. मी हात पुढे केला तर म्हणाले, “राहू दे, सवय आहे.”