"पैसे टाकले की मिळतंय ते सर्टिफिकेट"

आज खानापूरला एका वास्तुशांतीच्या पंगतीत शेजारी बसलेले एक निवृत्त प्राध्यापक माझ्या बहिणीला म्हणाले, "पोरीला एवढे पैसे घालून तो कागद कशाला घ्यायला लावलात? पैसे टाकले की कुणालाही मिळतंय ते. तेच्यापेक्षा बँकेच्या परीक्षेला बसवायचं." बहीण गप्प बसली. वयाचा मान ठेवून मीही पानाकडे बघत जेवलो. पण घरी आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून इथं लिहितोय.

तो 'कागद' म्हणजे सीसीएनए, सिस्को या नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं कॉम्प्युटर नेटवर्किंगचं सर्टिफिकेट. माझ्या भाचीनं मिळवलेलं.

पैसे टाकले की मिळतंय? फी ३०० डॉलर, करासकट पंचवीस-तीस हजारांच्या घरात जाते. बाप बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर, त्याच्याकडून पोरीनं एक रुपया मागितला नाही. गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन जमवले तिनं. १२० मिनिटांचा पेपर. पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे फिरता येत नाही. यंत्रांचे आयपी पत्ते, नेटवर्कचे भाग पाडणारं व्हीलॅन, वाट शोधणारं ओएसपीएफ, कुणाला आत सोडायचं ते ठरवणारं एसीएल, पत्ते बदलून देणारं नॅट, सगळं यायला लागतं. नापास झालात तर फी बुडाली, पुन्हा पहिल्यापासून भरा. असला कागद पैसे टाकून मिळत असता तर उद्यमबागेतल्या कारखान्यासाठी मला कामाची माणसं शोधत बसायला लागलं नसतं. कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो मी, यंत्रं एकमेकांना जोडणारा स्विच बंद पडला की कुणाचा फोन येतो आणि कुणाचा उपयोग होतो हे मला चांगलं कळतं.

आणि ती शिकली कुठं? हे मला मुद्दाम सांगायचंय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी, मग बीसीए ही कॉम्प्युटरची पदवी. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय १९९८ पासून आपल्या बेळगावात आहे, राज्यातली बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं तिथून चालतात, पण वडगावच्या मागवाल्याच्या पोरीला त्याचा उपयोग काय? इंजिनिअरिंगची फी तिच्या घराला झेपणारी नव्हती. ती शिकली टेलिग्रामवरच्या एका अभ्यासाच्या ग्रुपमध्ये. कधीही न भेटलेल्या माणसांकडून.

सबनेटिंगवर, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे छोटे तुकडे पाडण्यावर, अडली होती. /२६ असं माप लिहिलेल्या नेटवर्कमध्ये ६४ पत्ते असतात, पण यंत्रांना ६२ च का देता येतात? पुस्तकात व्याख्या होती, ती तिला पाठही होती, पण डोक्यात उतरत नव्हतं. रात्री तिनं ग्रुपवर मराठीतच विचारलं. सोलापूरकडचा कुणी रात्रपाळी करणारा मुलगा होता, त्यानं आवाजात सांगून पाठवलं : समज एका गल्लीत ६४ नंबर आहेत, पहिल्या नंबरावर गल्लीची पाटी लावली, शेवटचा नंबर दवंडी देणाऱ्याला दिला, आता राहायला किती उरले? तिनं ते मला ऐकवलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. इतकी वर्षं नेटवर्क सांभाळतोय, इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. तो मुलगा कोण, कसा दिसतो, तिला आजही माहीत नाही. एक पैसा घेतला नाही त्यानं.

त्या रात्री बापानं विचारलं होतं, "दोन वाजता कुणाशी बोलुलालीस गं?" तिनं हेडफोन काढून त्यांना ते ऐकवलं. गल्ली, पाटी, दवंडी. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

ग्रुपवर पोरं टाइमपास करतात, असंही सर म्हणाले. करतात. गुड मॉर्निंगची फुलं येतात, नोकरीसाठी रेफरलची, म्हणजे शिफारशीची, भीक मागणारे येतात, मान्य. पण वर्गात मागच्या बाकावर काय चालायचं ते सरांनीही बघितलं असेलच की.

नुसत्या सर्टिफिकेटवर नोकरी लागत नाही, हेही मान्य. तीन वर्षांनी ते संपतं. संपू दे! २०२० च्या फेब्रुवारीत सिस्कोनं अभ्यासक्रम बदलला आणि ऑटोमेशनला, म्हणजे नेटवर्कची कामं प्रोग्रामकडून करून घेण्याला, १० टक्के जागा दिली. आमच्या पदवीच्या पुस्तकात तो विषयही नव्हता, आणि त्या पदवीला कुणी मुदत विचारत नाही.

मित्रहो, आपल्या भागातल्या पोरांचं दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको. बेंगळुरूला गेलं की "मराठी का?" पुण्याला गेलं की "कर्नाटकातले का?" भाचीला दोन्हीकडे हे ऐकावं लागलं. परीक्षेच्या केंद्रावर ओळखपत्र तपासलं, फोटो काढला आणि आत सोडलं. माध्यम विचारलं नाही, कॉलेज विचारलं नाही. आपला सीमाभागाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल आपल्या हातात नाही. परीक्षेची तारीख मात्र त्या पोरीनं स्वतः निवडली, आणि पास झाली. आज ती पुण्यात नेटवर्क सपोर्टला आहे, आणि या दिवाळीला घरात फ्रिज आणला तिनं.

आता खरा राग. डम्प विकणारे. परीक्षेतले प्रश्न चोरून पीडीएफ करून विकायचे, आणि पोरांनी उत्तरं घोकून पास व्हायचं. भाचीच्या ग्रुपमध्ये एकानं असली फाइल टाकली, ॲडमिननं त्याच क्षणी त्याला बाहेर काढलं. पण सगळे ग्रुप तसे नाहीत. परीक्षेआधी प्रश्न बाहेर सांगणार नाही असं मान्य करूनच पुढं जाता येतं, पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, हे पोरांना माहीत असतं आणि तरी घेतात. माझ्याकडे मुलाखतीला असले येतात. फाइलमध्ये सर्टिफिकेट चकाचक, आणि /२६ मध्ये यंत्रं किती बसतात विचारलं की पंख्याकडे बघतात. सरांचं मत असली पोरं बघून झालं असेल तर मी त्यांना फार दोष देणार नाही. पण मग दोष चोरांना द्या ना! रात्री जागून शिकलेल्या पोरीच्या आईला भरल्या पंगतीत का ऐकवायचं? आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'चे बोर्ड लावून लाखभर फी घेणारे क्लासवाले, त्यांना कुणी पंगतीत अडवत नाही.

ज्यांना घोकंपट्टीचीच शंका येते त्यांनी रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीची आरएचसीएसए ही परीक्षा बघावी. तिथं उत्तराचे पर्यायच नसतात. समोर यंत्र देतात, काम करून दाखवायचं, आणि ते यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावरही टिकायला हवं. तिथं पाठांतर काय करणार?

बहिणीला मघाशी फोन केला. ती म्हणाली, "जाऊ दे रे, मोठं माणूस आहे." मी जाऊ देणार नाही, पण सरांशी भांडणारही नाही. त्यांच्या नातवाला कॉम्प्युटरची आवड आहे असं ऐकलंय. त्याला घेऊन या म्हणून सांगणार आहे.

कारखान्यानं बाद केलेले दोन स्विच आणि एक राउटर रीतसर परवानगीनं घरी आणून ठेवलेत. तालुक्यातल्या, निपाणी-चिक्कोडीकडच्या कुणाही पोराला-पोरीला सरावाला हवे असतील तर इनबॉक्समध्ये लिहा. लांबून येणं जमत नसेल तर कॉम्प्युटरवरच नेटवर्क उभारून सराव करायचं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते कसं बसवायचं ते मी सांगतो. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, चालेल. डम्प मागायला कुणी लिहू नका.