पाचवा स्लॅब पडला, अभिनंदन!

सोसायटी पुनर्विकासाला गेली असेल, तर आधी नोकरीचा राजीनामा द्या. बांधकामावर लक्ष ठेवणं हे पूर्णवेळचं काम आहे, आणि बिल्डरला इतर बरीच कामं असतात.

पार्ल्यात असाल तर भाड्याचं घर समोरच्याच इमारतीत घ्या, पण तिसऱ्या मजल्याच्या खाली नको. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये धुळीचे नियम काढले. त्यानुसार एकराहून लहान प्लॉटलाही निदान २५ फूट उंच पत्रे लागतात. धूळ किती अडते ते तुमच्या चहावर तरंगताना दिसेलच. नजर मात्र पक्की अडते.

पाया खणतानाचे महिने ब्रेकरच्या आवाजात जातात. तेवढे दिवस घरात खुणांनी बोला.

खरी मजा स्लॅबची. रात्री गल्लीत मिक्सरची रांग लागली की झोपायचं नाही, व्हिडिओ काढायचा. अमेरिकेतल्या मुलाला मात्र जपून कळवा. आमच्या मागच्या विंगमधल्या काकांनी ‘पाचवा स्लॅब पडला’ असं कळवलं, तर पलीकडून घाबरा प्रश्न आला, ‘कुणाला लागलं नाही ना?’

काका बँकेतून निवृत्त, म्हणजे सिमेंटमधले तज्ज्ञ. पक्षी बघायला घेतलेली दुर्बीण आता सळया मोजते. नव्या स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवतात, त्यातला एक कोपरा त्यांना कोरडा दिसला. लगेच सुपरवायझरला फोन. ‘काका, पाणी मारलं होतं, उन्हाने सुकलं.’ तेव्हा सकाळचे सहा वाजले होते.

काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी दाबून फोडतात आणि ताकद बघतात, हे कळल्यापासून काका त्या अहवालासाठी दर महिन्याला हजर. तोवर ते ठोकळे पाण्यात बुडवून ठेवलेले असतात. भाड्याच्या घरात काकांना रोज वीस मिनिटं पाणी येतं.

महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरही जात चला. बिल्डरला तिथे दर तीन महिन्यांनी प्रगती भरावी लागते. आमची इमारत तिथे खिडकीतून दिसते त्यापेक्षा एक मजला उंच आहे. इतक्या स्वस्तात मजला चढवणं कोणत्याही गवंड्याला जमायचं नाही. विमानतळ जवळ असल्यामुळे पार्ल्यात इमारतीच्या उंचीला मर्यादा आहे. ताब्याच्या तारखेला अशी मर्यादा घालणारं खातं अजून निघायचं आहे. तोवर ‘दिवाळीपर्यंत’ हे उत्तर वहीत लिहून ठेवा, पण वर्ष विचारू नका. विचारणाऱ्याकडे बिल्डरच्या ऑफिसातला चहावाला पोऱ्यासुद्धा दयेने बघतो.

गेल्या महिन्यात आमचा सहावा स्लॅब पडला. त्याच आठवड्यात काका राहतात त्या इमारतीच्या जिन्यात नोटीस लागली: विशेष सर्वसाधारण सभा, विषय पुनर्विकास. घरमालकाने काकांकडे दुर्बीण उसनी मागितली आहे.