सरकार, बुश्या आणि अप्पांची चेतक

आमच्या शेडमध्ये दहा-अकराचा पाना शोधायचा असेल तर पहिल्यांदा कुत्रं उठवायला लागतं. पाना कुत्र्याखालीच असतो. कायम. मी एकदा मुद्दाम पाना खिशात घालून कामाला बसलो, म्हटलं आता बघू काय करतंय, तर कुत्रं उठलं, अंग झाडलं आणि मी बसायला जो पाट घेतो त्या पाटावर जाऊन पसरलं. म्हणजे तुम्हाला पुढच्या मिनिटाला काय लागणार हे त्यांना आधी कळतं, आणि ते तिथंच बसतात. ह्याला लोक इमानदारी म्हणतात.

शेड म्हणजे बेळगावात, अनगोळातल्या आमच्या घरामागचा जुना गोठा. म्हैस गेली, गोठा राहिला, वर पत्रे नवीन घातले आणि आत एक व्हाइस, एक बेंच ग्राइंडर, रॉकेलचा वास आणि अप्पांची बजाज चेतक स्कूटर. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव, १४५ सीसी, टू-स्ट्रोक, आणि सकाळी सुरू व्हायच्या आधी एका बाजूला आडवी करून घ्यायची ते नाटक वेगळं. अप्पा तिच्यावरनं उद्यमबागला, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला जायचे. ते गेल्यावर ती कोपऱ्यात उभी होती, भंगारवाला दर महिन्याला येऊन तिच्याकडं बघून जायचा. शेवटी मी म्हटलं, रविवारी-रविवारी करून हिला मीच चालू करतो. आता ह्या कामाला सल्लागार म्हणून दोन कुत्री नेमलीत असं मी कुठंही म्हटलेलं नव्हतं.

पहिला बुश्या. हा उद्यमबागचा. तिकडं ज्यांनी काम केलंय त्यांना माहीत असेल, बेळगावातल्या फाउंड्र्या, क्रँकशाफ्टची कामं, हायड्रॉलिकची कामं, जिथं म्हणून लेथ फिरतंय तिथं दारात एक कुत्रं झोपलेलं असणारच, आणि डबा सुटायच्या वेळेला ते कुणी न सांगता उठून बसणारच. मित्राच्या मशीन शॉपमागं स्क्रॅपच्या ढिगाआड एका कुत्रीनं पिल्लं घातली, त्यातलं हे एक त्यानं मला दिलं. घरी आल्या आल्या ह्यानं पहिलं काम काय केलं असेल तर चेतकच्या सस्पेन्शनचा नवा रबरी बुश गिळला. गुरांच्या दवाखान्यात पळालो, डॉक्टर म्हणाले छोटा आहे, वाट बघा, येईल. आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तो बुश मी नंतर स्कूटरला वापरला नाही, असं बायकोला सांगितलंय. नाव मात्र तेच पडलं.

दुसरा सरकार. हा मुधोळचा. जमखंडीकडच्या एका मित्रानं दिला, म्हणजे गळ्यात मारला. मुधोळ हाउंड हे लई मोठं प्रकरण आहे बरं का. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे, त्यांनी ही जात जपली, वाढवली आणि एक जोडी थेट इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज ह्याला भेट दिली. २००५ ला पोस्टानं ह्या जातीचं तिकीट काढलं. ह्यांचे भाऊबंद मेरठला लष्कराच्या ट्रेनिंगला जाऊन आले. बागलकोट जिल्ह्यात तिम्मापूरला ह्यांच्यासाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. आणि आमचं हे रत्न माझ्या शेडमध्ये टायरवर मान टाकून पडलेलं असतं. घोरपडे सरकारांच्या आठवणीनं मी नाव ठेवलं सरकार. तेव्हा एवढं लक्षात आलं नव्हतं की ह्यापुढं घरात दिवसभर "सरकार झोपलंय", "सरकार हलत नाही", "सरकारला नुसतं खायला पाहिजे" असली वाक्यं चालणार आणि शेजारी पेपर वाचत बसलेले तात्या प्रत्येक वेळेला "खरं आहे रे बाबा" म्हणणार.

त्यातनं हे सरकार फक्त कन्नड समजतं. पहिले काही महिने ज्या घरात वाढलं तिथं सगळं कन्नड, त्यामुळं "इकडं ये" म्हटलं की ढिम्म, "बा इल्ली" म्हटलं की लगेच हजर. "ऊटा", म्हणजे जेवण, म्हटलं की तर गल्लीच्या टोकावरनं येतंय. आई हट्टी. ती म्हणाली मी माझ्याच घरात कुत्र्याशी कन्नड बोलणार नाही, त्यानं मराठी शिकायचं. आमच्याकडं मराठीतनं कागद मिळावेत म्हणून अर्ज, निवेदनं, मोर्चे ह्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळं तिला सवय आहे. ती रोज मराठीतनं हाक मारते, सरकार रोज दुर्लक्ष करतं, ती परत हाक मारते. बुश्याचं तसं काही नाही. उद्यमबागचा असल्यानं त्याला मराठी, कन्नड, हिंदी तिन्हीतल्या शिव्या समजतात आणि तिन्हीचा काही परिणाम होत नाही.

दोघांत एका गोणपाटावरनं वाद आहे. व्हाइसखाली टाकलेलं एकच पोतं, अर्ध्यावर हा अर्ध्यावर तो, आणि मधली रेघ नक्की कुठं ह्यावर गुरगुर. आमच्या भागातला तसलाच दुसरा, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद १९५६ पासून चालू आहे आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पोत्याचा निकाल त्याच्या आधी लागावा एवढीच इच्छा. मी दुसरं पोतं आणून टाकलं होतं. ते दोघांनाही नको.

आता पावसाळ्याचं ऐका. जुलैमध्ये बेळगावात पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही, पाने गंजतात, भिंतीला हात लावला तर हात ओला. आणि मुधोळच्या अंगावर चरबी नावाची चीज नाही, कातडी पातळ, केस बारीक. मुधोळकडच्या उन्हात माळावर ससा पळवायला तयार झालेली ही जात, अनगोळच्या पावसात नुसती लटलट कापते. मग सरकार काय करतं, मी कामासाठी खाली लावलेला बल्ब असतो ना, त्या बल्बला कुशीत घेऊन झोपतं. म्हणजे उजेड सरकारच्या पोटाला आणि मी कार्बोरेटर अंधारात चाचपतोय. जेट साफ करायचा म्हणजे सुईच्या टोकाएवढ्या भोकातनं आरपार उजेड दिसला पाहिजे. उजेडच नाही तर आरपार काय दिसणार. उठवलं तर असं बघतं की पंचम जॉर्जला पत्र लिहीन.

ग्राइंडरची गोष्ट वेगळी. माणसाला जास्तीत जास्त वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुप्पटीच्या वर, पंचेचाळीस हजारापर्यंत. म्हणजे ग्राइंडर चालू केला की आपण जे ऐकतो ते अर्धंच, बाकीचं किंचाळणं फक्त त्यांच्या वाट्याला. म्हणून मी ठरवलं की ग्राइंडर लावायच्या आधी दोघांना बाहेर काढायचं. काढायची वेळच येत नाही. मी गॉगलला हात लावला की सरकार उठून चालायला लागतं, अगदी शांतपणे, मीटिंग संपल्यावर साहेब उठतात तसं. बुश्या मात्र दारात थांबून ठिणग्यांवर भुंकतो. बटन बंद केलं की ग्राइंडर ह्यानंच बंद पाडला अशा थाटात आत येतो.

बाकी काही गोष्टींत गंमत नाही. लेथवरची बर, म्हणजे लोखंडाचा कीस, ती निळसर वळ्यावळ्यांची, पंज्यात घुसली की निघता निघत नाही, त्यामुळं मी रोज मॅग्नेट फिरवून जमीन साफ करतो, स्वतःसाठी कधी केलं नसतं. आणि कारचा कूलंट. चेतकला हवेचं कूलिंग, तिला कूलंटचा प्रश्न नाही, पण भावाची कार तिथंच उभी असते आणि तिच्या रेडिएटरखाली ठिपका पडायला लागला होता. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुंद्याच्या गावात वाढलेलं कुत्रं गोड सोडणार काय? चाटलं की पहिल्यांदा दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या, मग मधे जरा बरं वाटल्यासारखं होतं, आणि मग दोन-तीन दिवसांत किडन्या जातात. बरं वाटतंय म्हणून घरी थांबलं की संपलं, पहिल्या काही तासांतच डॉक्टरकडं पोचायला पाहिजे. हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी भावाला कार रस्त्यावर लावायला लावली. तो म्हणाला, कुत्र्यापायी गाडी पावसात? म्हटलं होय. तो आता माझ्याशी फक्त दिवाळीत बोलतो.

आता मुख्य प्रकरणावर येतो. इंजिन बोअर करून आणलं, नवा पिस्टन, नवीन रिंगा, सगळं बसवायचं होतं. पिस्टनची पिन घातली की तिला दोन्ही बाजूनं तारेचं बारीक लॉक बसतं, चिमटीत धरून दाबायचं आणि खाचेत सोडायचं. हे लॉक सुटलं तर कुठं उडेल हे ब्रह्मदेवालापण सांगता येत नाही. तसंच झालं. टिंग. एवढाच आवाज. मी बायकोकडं बघितलं, बायको सरकारकडं, सरकार छपराकडं.

क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीच्या, तोंडात फडकं कोंबलेलं होतं, पण एका बाजूला फट राहिलेली दिसली आणि पोटात गोळा आला. लॉक आत गेलं असेल तर सगळं इंजिन फोडायचं, आणि आत गेलेलं नसेल पण गेलंय असं वाटत राहिलं तरी फोडायचंच. मग शोध सुरू. बॅटरी घेऊन मी आडवा. मुलगा आडवा. तात्या पेपरासकट येऊन उभे. "मी सांगतो ऐक, ते तिकडं कोपऱ्यात गेलंय." तिकडं नव्हतं. "मग इकडं असंल." इकडं पण नव्हतं. मिस्त्रीला फोन लावला तर तो म्हणाला, "नवीन घे की, चहाच्या पैशात येतंय, काय शोधूलाईस?" अरे पण जुनं आत असलं तर? त्यावर तो म्हणाला "मग अवघड हाय बघ" आणि फोन ठेवला. ह्या सगळ्या गोंधळात आई दारात येऊन म्हणाली, कुत्र्यानं खाल्लं असेल, मागं बुश खाल्लेला. सगळे बुश्याकडं बघायला लागले. बुश्यानं शेपूट हलवली, म्हणजे गुन्हा कबूल.

मी जुन्या स्पीकरचा मॅग्नेट घेऊन जमीन पुसत होतो. पाट, पोतं, टायरच्या आत, सगळीकडं. बुश्याला वाटलं खेळ चाललाय, तो माझ्यासमोर येऊन उताणा झाला, चारी पाय वर, पोट खाजव म्हणून. सकाळी ग्रीसच्या डब्याला पाय लागून सांडलेलं त्यात हा लोळलेला, त्यामुळं पोट सगळं काळं चिकट. मी चिडून मॅग्नेट त्याच्या पोटावर आपटायच्या बेतात होतो, अगदी अंगाला टेकला आणि "टक्". बारीक आवाज आला. मॅग्नेट उचलला तर त्याला ग्रीसचा एक गोळा, दोन काळे केस आणि मधे ते लॉक, चकचकीत. छातीखाली, पुढच्या पायाच्या बगलेत चिकटून बसलेलं. तासभर आम्ही शेड उचकली आणि हा ते अंगावर घेऊन आमच्यातनं फिरत होता, तात्यांच्या धोतराला अंग घासून आला होता, आईच्या शिव्या खाऊन आला होता. मॅग्नेट बाजूला घेतला तरी बुश्या उताणाच, कारण खाजवायचं राहिलं होतं. खाजवलं. अर्धा तास खाजवलं. सरकार तेवढ्यात माझ्या पाटावर जाऊन बसलं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला पाहिजे. शेडमध्ये येणारा प्रत्येक माणूस काहीतरी सांगून जातो. प्लग बदल. पॉइंट बघ. ऑईल जास्त घालूलाईस. विकून टाक आणि इलेक्ट्रिक घे. अप्पा असते तर त्यांनी पण सांगितलं असतं, आणि सगळ्यात जास्त सांगितलं असतं. ह्या दोघांनी आजपर्यंत एक शब्द सुचवलेला नाही. रात्री अकराला सगळे झोपल्यावर पण येऊन बसतात, कामात मदत शून्य, अडचण भरपूर, पण उठून जात नाहीत. घरातल्या माणसाला चेतक दाखवायला हाक मारली तर "आलो" म्हणतो आणि येत नाही.

तर चालू झाली. किक मारून मारून पाय दुखला, मग आठवलं, आडवी केली, परत उभी केली, एक किक, आणि फुर्र करून निळा धूर, अख्खी गल्ली धुरात. सरकार घरात जाऊन पलंगाखाली. बुश्या मात्र पळाला नाही. तो आला, चेतकचा वास घेतला आणि फूटबोर्डवर चढून बसला, तोंड पुढं, कान वर. बहुतेक इतके दिवस हा ह्याच्यासाठीच थांबला होता. मी काय त्याला आता उतरवणार? गेलो एक चक्कर मारून. ती चूक की काय माहीत नाही, पण तेव्हापासून त्याच्याशिवाय चेतक बाहेर पडत नाही. किकचा आवाज आला की हा फूटबोर्डवर.

आता ज्यांनी चेतक चालवलीय त्यांना फूटबोर्डची किंमत माहीत आहे. गॅसचा सिलिंडर, भाजीची पिशवी, तांदळाचं पोतं, पोरगं, सगळं संसाराचं ओझं तिथंच. परवा रविवार पेठेतनं तांदूळ घेऊन येत होतो. पुढं बुश्या, मागं बायको, आणि बायकोच्या मांडीवर पंचवीस किलोचं पोतं. ती काही बोलत नव्हती, आणि तिचं न बोलणं मला पाठीला कळत होतं. रेल्वे गेट पडलेलं, गाडी थांबवली, आणि चेतक बंद पडली. मागं हॉर्न. आडवी करायची तर पहिल्यांदा बायको उतरली, पोतं उतरलं, बुश्या नाही उतरला, तो आडव्या फूटबोर्डवर पण पाय रोवून बसून राहिला. शेजारच्या मोटारसायकलवरचा एक माणूस बराच वेळ बघत होता. म्हणाला, "विकणार काय ओ?"

मी म्हटलं, "नाही, वडिलांची आहे."

तो म्हणाला, "स्कूटर नव्हं ओ, कुत्रं."

मी काही बोलायच्या आत मागनं, पोत्याला टेकून उभी असलेली बायको म्हणाली, "कितीला घेता?"