प्राणिसंग्रहालयात गवत कशाला? एका फॉरवर्डला उत्तर

पुण्यातल्या सोसायटी ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: प्राणिसंग्रहालयाचं काम प्राणी दाखवणं. तिथे रानगवत आणि झुडपं राखण्यात पालिकेने पैसे का घालवावेत? किडे काय, कुठेही होतात. फुलपाखरं हवीत तर चार फुलझाडं लावा. दुर्मीळ वनस्पतींसाठी सरकारची वेगळी खाती आहेत. गवत वाढलं की डास आणि साप, बाकी काही नाही. खाली नेहमीप्रमाणे ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही.

‘काम प्राणी दाखवणं’

पेशवे पार्कच्या दिवसांत हे खपून गेलं असतं. सारसबागेशेजारी पिंजरे होते, लोक येत, बघत आणि भेळ खाऊन घरी जात. पण १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं आणि १९९८च्या राष्ट्रीय धोरणाने जैवविविधतेच्या संवर्धनाला हातभार लावणं हाच प्राणिसंग्रहालयांचा मुख्य हेतू ठरवला. त्या जैवविविधतेत मुंगीही येते आणि गवताचं पातंही. पुढच्याच वर्षी पुण्याचं संग्रहालय पेशवे पार्कातून कात्रजला गेलं. सुमारे १३० एकर जागा, आत तलाव, भोवती कुंपण. शहरात एवढी सलग, राखण असलेली जमीन सहजी मिळत नाही. टेकड्या आहेत, पण तिथे वणवे लागतात आणि बऱ्याच उतारांवर परदेशातून आणलेली गिरीपुष्पाची झाडं लावून ठेवली आहेत.

‘किडे कुठेही होतात’

झुरळं होतात. बाकीच्यांचं तसं नाही.

ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर हाताच्या पंजाएवढा एक काडीकिडा असे. १९१८ साली एक जहाज किनाऱ्याला लागलं, त्यातून उंदीर उतरले आणि काही वर्षांत किडा संपला, असं सगळे धरून चालले. २००१ साली वीसेक किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड नावाच्या उभ्या सुळक्यावर, एका झुडपाच्या आसऱ्याने, त्यातले मोजके सापडले. २००३ मध्ये दोन जोड्या खाली आणल्या आणि त्यातली एक मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात गेली. तिथली मादी आजारी पडली. तेव्हा तिच्या रखवालदाराने कॅल्शियम घातलेलं गोड द्रावण थेंबाथेंबाने तिच्या तोंडाशी धरलं. ती जगली, तिने अंडी घातली आणि आज त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वसाहत उभी आहे. अमेरिकेत ओरेगनच्या प्राणिसंग्रहालयात तिथल्या एका दुर्मीळ फुलपाखराच्या अळ्या वाढवून किनाऱ्यावरच्या कुरणांत सोडतात. त्या अळ्या रानातल्या एका जांभळ्या फुलाच्या रोपाचीच पानं खातात. त्यामुळे आधी ते रोप वाढवावं लागतं.

आता वाघाचा हिशेब मांडा. पिंजऱ्यात जन्मलेला वाघ रानात सोडणं जवळजवळ अशक्य. त्याला शिकार येत नाही आणि त्याच्यासाठी मोकळं जंगलही उरलेलं नसतं. किड्याला मात्र एक खोली पुरते, मादी भरपूर अंडी घालते आणि खाद्य-झाड हजर असेल तर परत सोडताही येतो. ‘संवर्धन’ हा शब्द पाटीवर लिहायचाच असेल, तर तो खरा करून दाखवण्याची सोय इथे आहे.

‘चार फुलझाडं लावा’

हा सगळ्यात गोड गैरसमज. फूल म्हणजे फुलपाखराची खाणावळ, पाळणाघर नव्हे. मादी अंडी घालते ती अळीला चालणाऱ्या ठरावीक झाडावरच. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर कधीतरी पक्ष्याच्या विष्ठेचा पांढुरका ठिपका दिसतो. बोट लावलं तर तो डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. ही मॉर्मन फुलपाखराची लहान अळी. थोडी मोठी झाली की हिरवीगार होते आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी ‘कीड लागली’ म्हणून फवारा मारतं! महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान ज्या राणी पाकोळीला, म्हणजे ब्लू मॉर्मनला दिला, तिच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. प्लेन टायगरला रुई लागते, क्रिमझन रोजला ईश्वरीची वेल. घाणेरीची फुलं लावून फुलपाखरांची गर्दी जमवता येते, पण ती गर्दी बाहेर कुठेतरी वाढलेली असते. हे ‘बाहेर कुठेतरी’ दर वर्षी आक्रसतंय.

फॉरवर्डवाल्यांचं एक मान्य. शोभेची परदेशी झुडपं लावून ‘फुलपाखरू उद्यान’ असा फलक ठोकणं म्हणजे पैसे वायाच.

‘वनस्पतींसाठी वेगळी खाती आहेत’

आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय पुण्यातच, कोरेगाव रोडला आहे. पण नोंद करणं, नमुना जपणं, कुंडीत रोप जगवणं याच्या पुढची गोष्ट कंदीलपुष्प शिकवतं. आपल्या सह्याद्रीत याच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जगात दुसरीकडे सापडत नाहीत. फूल खरोखर कंदिलासारखं असतं, खाली फुगीर आणि वर नळी. वासाला भुलून इवलीशी माशी नळीत शिरते. आतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे तिला परतता येत नाही. केस कोमेजले की ती सुटते ती परागांची पुडी घेऊनच, आणि तशीच दुसऱ्या कंदिलात जाऊन अडकते. माशी आली नाही तर शेंग धरत नाही. कंदीलपुष्पाच्याच गोतावळ्यातली, शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी ही दुर्मीळ वनस्पती फांदीपासून कुंडीत सहज लागते, पण एकाच रोपाच्या शंभर फांद्या म्हणजे शेवटी ते एकच रोप. बी हवं तर किडा हवा, आणि किडा हवा तर पालापाचोळा, ओल, आजूबाजूची झुडपं, सगळंच हवं. वनस्पती एका खात्यात आणि किडा दुसऱ्या खात्यात, अशी वाटणी कागदावर होते.

शिवाय कंदीलपुष्प पावसाळा संपला की जमिनीखाली कंद होऊन बसतं. उन्हाळ्यात ‘मोकळी’ दिसणारी जागा जेसीबीने सपाट केली, तर काय गेलं हे कुणाला कळतही नाही.

‘डास आणि साप’

डेंग्यूचा डास वाढतो कुंडीखालच्या ताटलीत, कूलरमध्ये, गच्चीवरच्या टायरात. गवताच्या पात्यावर त्याची अंडी नसतात. उलट तळ्याकाठी झाडोरा असला की चतुर आणि त्यांच्यासारख्याच बारीक टाचण्या येतात. त्यांची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात. सापांचं म्हणाल तर पायवाटेलगतचं गवत जरूर कापा. पण सगळं रान भादरणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं, आणि तेही जिथे लोक तिकीट काढून साप बघायला येतात तिथे.

पालिकेला काही लिहायचंच असेल तर एवढं लिहा: गवताचं बी गळेपर्यंत, म्हणजे दिवाळी उलटेपर्यंत आतल्या भागात यंत्र फिरवू नका. पाला जाळू नका. पडलेला ओंडका उचलू नका, भुंगेऱ्यांच्या अळ्या त्यातच वाढतात. आणि पुढच्या जूनमध्ये कुंपणाकडेला रुई, ईश्वरी, माकडलिंबू आणि बहावा लावा.