केरव्यातलं गाणं दादऱ्यात गेलं म्हणून

भाच्यानं गिटारवर ‘घेई छंद मकरंद’ म्हटलं आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सांगलीच्या काकांचा निकाल लगेच आला: ‘अभिषेकीबुवांच्या चालीची विटंबना.’ मागोमाग आत्या, मावश्या, एक निवृत्त हेडमास्तर. जुन्याला हात लावायचा नाही, नवं करायचं तर स्वतःचं करा, वगैरे. पोरगं गप्प झालं. मी मध्ये पडलो तर काका म्हणाले, ‘तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.’

तिकडे म्हणजे शेफील्डला. तर तिकडूनच सांगतो, काका.

मी राहतो त्या क्रुक्स भागातलाच गायक जो कॉकर. हा माणूस आधी गॅसफिटर होता. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम १९६७ साली आला, त्यात मित्रांच्या मदतीवर एक गाणं आहे, त्यांच्या ड्रमर रिंगोनं गायलेलं, केरव्याच्या, म्हणजे आठ मात्रांच्या अंगानं मजेत उड्या मारत जाणारं. कॉकरनं पुढच्याच वर्षी ते उचललं आणि दादऱ्यात, सहा मात्रांत नेलं. लय पार खाली आणली, मागे ऑर्गन, बायकांचा कोरस, जिमी पेजची गिटार आणि मध्येच अशी किंकाळी की शेजारी दार वाजवायला यावा. मी बेसूर झालो तर उठून जाल का, हा प्रश्न रिंगोच्या तोंडी थट्टेचा आहे. कॉकर विचारतो तेव्हा त्याला खरंच भीती वाटतेय असं वाटतं. नोव्हेंबर १९६८ मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. कोणी विटंबना म्हणून मोर्चा काढला नाही. १९८८ मध्ये वेट वेट वेट या बँडनं आणि २००४ मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेतून आलेल्या सॅम आणि मार्कनं तेच गाणं पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं. त्यातलं २००४ चं मी ऐकत नाही. माझ्या न ऐकण्यानं त्यांचं आणि त्यांच्या गाण्यानं रिंगोचं काहीही बिघडलेलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सची. ‘सार्जंट पेपर’च्या प्रकाशनाची अधिकृत तारीख १ जून १९६७. ४ जूनला, रविवारी, लंडनच्या सॅव्हिल थिएटरात हेंड्रिक्सनं कार्यक्रमाची सुरुवातच त्याच्या शीर्षकगीतानं केली. प्रेक्षकांत बीटल्सपैकी मॅकार्टनी आणि हॅरिसन बसलेले. मॅकार्टनी तो आपला मोठा सन्मान म्हणून आजही सांगतो. आपल्याकडे असं झालं असतं तर? काका, तुम्हीच सांगा.

सगळंच ग्वाड झालं असं नाही. १९७८ मध्ये या गाण्यांवर बी जीज आणि पीटर फ्रॅम्प्टनला घेऊन सिनेमा काढला, तो सपशेल आपटला. त्याचं संगीत कोणी सांभाळलं होतं? मूळ अल्बमच्याच निर्मात्यानं, जॉर्ज मार्टिननं. खुद्द घरातला माणूस होता, तरी उपयोग झाला नाही. तेव्हा वाईट ते वाईट म्हणा, पण ऐकून म्हणा. भाच्याचा वरचा षड्ज डळमळला होता, ते कुणीच लिहिलं नाही.

आणि ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं तेही १९६७ च्याच डिसेंबरात. त्या नाटकातच ‘घेई छंद’ दोनदा आहे. पंडितजींचं संथ, सालगवराळी रागातलं, आणि खाँसाहेबांचं धानी रागातलं चपळ, वसंतरावांच्या गळ्यातलं. म्हणजे ज्या पदाच्या रक्षणाला काका उभे ठाकलेत, त्याचं दुसरं रूप खुद्द बुवांनीच करून ठेवलंय. नाटकाचं भांडणच दोन गायकींचं आहे! २०१५ चा सिनेमा मात्र काकांनी पुन्हापुन्हा पाहिला. तिथे नवं संगीत चाललं, कारण भाचा नव्हता.

आपण चिडू ही धास्ती जुनी आहे. ‘पेपर’च्या मुखपृष्ठावरच्या गर्दीत गांधीजी होते. भारतात लोक दुखावतील म्हणून ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या वरिष्ठांनी ते काढायला लावले.

इथवर माझं म्हणणं मला पटलेलं होतं. मग मागच्या महिन्यात आमच्या पबात एका हौशी बँडनं अख्खा ‘पेपर’ वाजवायचा घाट घातला. पहिली बाजू झाली, बिअर झाली, आणि दुसरी बाजू सुरू झाली ती थेट दुसऱ्या गाण्यापासून. पहिलं गाळलं. हॅरिसनचं ‘विदिन यू विदाउट यू’. बीटल्सपैकी तो एकटाच त्यात आहे. दिलरुबा, तबला, तंबोरा वाजवणारे लंडनमधले आपले लोक, ज्यांची नावंसुद्धा मुखपृष्ठावर छापली नाहीत.

मी गिटारवाल्याला गाठलं. तो म्हणाला, ‘सतार कुठून आणू? आणि तसंही ते लांबच आहे.’ सोनिक यूथ या बँडनं १९८८ मध्ये ते गिटारींवरच केलं होतं, हे मी त्याला ऐकवलं, बरंच मोठ्यानं. आजूबाजूचे वळून बघायला लागले. खरं तर पुण्यात कॉलेजात असताना कॅसेटवर हेच गाणं आलं की मी फॉरवर्डचं बटण दाबायचो. तंबोरा काय, शेजारच्या वाड्यातही होता. इथे ती पाच मिनिटं माझी आहेत असं मी धरून चाललोय, आणि ती लांबच आहेत म्हणून कुणीतरी गाळतं. कॉकर दादऱ्यात गेला तेव्हा माझं काय जात होतं?

काकांना हे सांगणार नाही. त्यांच्या हातात कोलीत मिळेल.

बँड म्हणतो, पुढच्या वेळी तू तबलजी आण, मग वाजवू. लेस्टरच्या एकाला विचारलंय. गाणं सोळा मात्रांच्या तीनतालात आहे, मधला वाद्यांचा तुकडा दहा मात्रांच्या झपतालात. त्याची अट एकच: तो झपताल कुणी चार मात्रांत बसवायचा नाही. मी त्याला तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला.